नाशिकमध्ये मातीवरची सायकल: धरणाकाठी, पाटाकाठी, टेकडीच्या पायथ्याशी (नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माउंटन बाइकिंग म्हणजे डोंगरावरून उड्या मारणं. ते आमच्यासारख्यांना कसं जमणार?

उड्या आणि कडे हा या खेळाचा एक कोपरा आहे, आणि व्हिडिओत तोच दिसतो. डांबर सोडून मातीच्या, मुरुमाच्या, गवताच्या वाटेवर सायकल चालवायची, एवढंच मुळात हे आहे. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरकडे जाणारी सपाट गाडीवाट किंवा पाटाच्या कडेचा रस्ता तुम्ही ताशी आठ-दहा किलोमीटरनं पार केलात, तर तेही माउंटन बाइकिंगच. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमल्पायसच्या उतारांवर जुन्या जाडजूड सायकली घेऊन जाणाऱ्या पोरांनी याची सुरुवात केली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपर्यंत हा खेळ अधिकृत झाला. आपल्याला तिथवर जायची गरज नाही.

उलट माझं ठाम मत असं आहे की पुन्हा सायकल सुरू करणाऱ्या मोठ्या माणसाला गंगापूर रोडच्या डांबरापेक्षा माती जास्त सोयीची. मागून येणारा डंपर नाही, हॉर्न नाही, अचानक उघडणारा कारचा दरवाजा नाही. पडलात तर वेग कमी असतो आणि खाली माती असते.

नाशिकची ओळख तर लांब पल्ल्याच्या सायकलिंगची आहे ना?

आहे, आणि त्याचा अभिमान वाटावा असंच काम इथे झालंय. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून रेस अॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटरची ही शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. नाशिक-पंढरपूर सायकल वारीलाही दरवर्षी गर्दी असते. त्यामुळे नवा माणूस ग्रुपमध्ये आला की पहिला प्रश्न हमखास येतो, "किती किलोमीटर मारता?"

मातीवर हा प्रश्न मागे ठेवा. इथे अंतर मोजून उपयोग नाही, कारण सुट्या मुरुमावरचे दहा किलोमीटर पायांना डांबरावरच्या पंधरा-वीससारखे लागतात. घड्याळ लावा. पहिल्या दिवशी पाऊण तास, फार तर एक तास, आणि तेवढ्यात जे झालं ते झालं.

पहिल्यांदा नेमकं कुठे जाऊ?

याचं उत्तर जरा लांब आहे, कारण नवशिक्या दुखावतो तो बहुतेक वेळा चुकीच्या जागेमुळे.

परदेशातल्या बऱ्याच ट्रेल्सवर अवघडपणाच्या खुणा असतात. हिरवं वर्तुळ म्हणजे सोपं, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड. आपल्याकडच्या वाटा या बैलगाड्यांनी, गुराख्यांनी आणि ट्रॅक्टरांनी केलेल्या, त्यांना पाट्या कोण लावणार? पण हिरव्या वर्तुळामागचा हिशेब आपणही करू शकतो. वाट निदान तीन फूट रुंद हवी. सरासरी चढ शंभर फुटांत पाच फुटांच्या आत हवा. जमीन घट्ट हवी, आणि वाटेत अचानक मोठी पायरी किंवा चर नको.

या हिशेबात सगळ्यात आधी बसतो तो कालव्याकाठचा रस्ता. गंगापूर धरणाचा डावा कालवा मखमलाबादच्या अंगानं जातो. कालव्याला पाणी वाहण्यापुरताच उतार लागतो, म्हणून त्याच्या कडेची वाट जवळपास सपाट राहते. एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला द्राक्षबागा. गिअर बदलणं, एका हातानं चालवणं, ब्रेकचा अंदाज घेणं हे सगळं इथे शिकून होतं. फक्त पाण्याच्या अगदी कडेनं जाऊ नका. आवर्तन (शेतीसाठी धरणातून सोडलेलं पाणी) सुटलेलं असेल तेव्हा पाट भरून वाहतो आणि त्याच्या काठांवरून बाहेर येणं सोपं नसतं. मुलं बरोबर असतील तर त्यांना मळ्याच्या बाजूला ठेवा.

त्यानंतर धरणाकाठ. आनंदवल्ली, सोमेश्वर, गंगापूर गाव करत बोट क्लबच्या दिशेनं आलात, की सावरगावच्या बाजूला बॅकवॉटरकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटा लागतात. हिवाळ्यानंतर पाणी मागे सरत जातं तशी काठाची सपाट जमीन उघडी पडते. दिसायला ती मोहक, पण तिथे दोन गोष्टी सांभाळा. वरून वाळून भेगा पडलेल्या गाळाच्या थराखाली ओल असते आणि पुढचं चाक त्यात रुततं, म्हणून पाण्यालगत न जाता मळलेल्या वाटेवर राहा. दुसरं म्हणजे या उघड्या जमिनीवर गाळपेर, म्हणजे ओसरलेल्या पाण्याच्या ओलीवर पेरणी, केलेली असते. कोवळं पीक लांबून गवतासारखं दिसतं. त्यावरून चाक नेलंत तर कुणाच्या तरी पोटावरून नेलंत, आणि पुढच्या वेळी ती वाट बंद झालेली असेल.

तिसरी जागा पांडवलेणीच्या पायथ्याची. लेण्यांच्या पायऱ्यांवर सायकल न्यायचा विचारही करू नका, ते संरक्षित स्मारक आहे. शेजारच्या नेहरू वनोद्यानात जायचं असेल तर सायकल आत चालते का ते गेटवर विचारा आणि जे सांगतील ते माना. टेकडीच्या आजूबाजूच्या मुरमाड वाटांवर छोटे चढ-उतार मिळतात. पहिला महिना कालव्याकाठी आणि धरणाकाठी काढल्यावर इथे यावं.

गोदापार्क आणि जॉगिंग ट्रॅक?

कृषीनगर, गोविंदनगरसारखे जॉगिंग ट्रॅक चालणाऱ्या-पळणाऱ्यांचे आहेत. पाटी असो वा नसो, तिथे सायकल नेऊ नये. सकाळी तिथे गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा चालत असतात. त्यांना मागून येणाऱ्या सायकलीचा आवाज ऐकू येत नाही.

गोदाकाठची वाट सकाळी लवकर, गर्दी नसताना, हळू चालवायला छान आहे. पण २०१६ च्या ऑगस्टमधल्या पुरात या काठाचं मोठं नुकसान झालं होतं, आणि आता सिंहस्थाच्या कामांमुळे नदीकाठी कुठे काय खोदलेलं असेल याचा नेम नाही. आधी एकदा पायी फिरून या.

पावसाळ्यात नियम एकच: गंगापूरमधून विसर्ग सुरू असेल तर नदीकाठ सोडून द्यायचा. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं हे पाहायला सगळं नाशिक जातं, तुम्हीही जा, पण सायकल घरी ठेवून.

धरणाच्या भिंतीवरून जाता येतं का?

नाही. शहराचं पिण्याचं पाणी तिथून येतं आणि भिंत हा सुरक्षेचा भाग आहे. "ओळखीनं सोडतात" असं कुणी सांगितलं तरी जाऊ नका. बॅकवॉटरमध्ये पोहायलाही उतरू नका. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली गाळ आणि एकदम खोल होणारे भाग असतात.

अंजनेरी, ब्रह्मगिरी, रामशेज कधी?

अंजनेरीच्या माथ्यावर सायकल कधीच नको. तो संवर्धन राखीव भाग आहे. तिथे गिधाडं आहेत आणि अंजनेरीच्याच नावावरून ओळखलं जाणारं दुर्मीळ कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, तिथल्या खडकाळ पठारावर उगवतं. बोटभर उंचीचं रोप चाकाखाली गेलं तर कळतही नाही. ब्रह्मगिरीची वाट पायऱ्यांची आणि भाविकांची. रामशेजच्या पायथ्याला आशेवाडीच्या बाजूनं कच्चे रस्ते आहेत, ते हात बसल्यावर जरूर करा. किल्ला मात्र पायीच चढा.

सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर नागरिकांनी देशी झाडं लावून देवराई वाढवली आहे. तिथे गेलात तर मळलेल्या वाटेवरून एक फूटही बाहेर पडू नका.

सायकल कोणती घेऊ? घरातली जुनी चालेल का?

कालव्याकाठी आणि पक्क्या गाडीवाटेवर घरातली साधी सायकल पहिले काही आठवडे चालते, ब्रेक नीट असले म्हणजे झालं. आवड टिकते का ते पाहा, मग पैसे घाला.

नवी घ्यायची ठरली तर १५ ते ३० हजारांच्या पट्ट्यात नवशिक्याला पुरेल अशी एमटीबी (माउंटन बाइक) मिळते. दुकानात सगळे पुढच्या शॉकअपकडे बघतात. मी म्हणेन, आधी तीन गोष्टी बघा. फ्रेमचा साइज: दोन्ही पाय टेकवून उभं राहिल्यावर आडव्या नळीत आणि तुमच्यात दोन-तीन इंच जागा हवी. ब्रेक: डिस्क, म्हणजे चाकाच्या मध्यावरची चकती धरणारे, असावेत, आणि लिव्हर एका बोटानं ओढता आला पाहिजे. टायर: २.१ इंचांच्या आसपास रुंद. मागेही शॉकअप असलेल्या स्वस्त सायकलींपासून लांब राहा. त्या जड असतात, पेडल मारताना वर-खाली हलतात, आणि दोन वर्षांत त्यांचे जोड खडखडायला लागतात. चाक २७.५ इंची की २९ इंची यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. २९ चं चाक दगडांवरून सहज जातं, उंची कमी असेल तर २७.५ आवरायला सोपं. नवशिक्यासाठी एवढा फरक पुरे.

टायरमध्ये हवा किती भरायची?

बरेच जण इथेच फसतात. टायरच्या कडेला कमाल आकडा छापलेला असतो, आणि पंक्चरवाला कॉम्प्रेसरनं तो गाठूनच सोडतो. तेवढी हवा भरलेलं टायर मातीवर दगडागणिक उडतं आणि वळणावर घसरतं. ट्यूब असलेल्या २.१ इंची टायरला, ६०-७० किलो वजनाच्या माणसासाठी, २८ ते ३५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) पुरते. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा. याहून खूप कमी केलीत तर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. गेज असलेला हातपंप घरी ठेवा, हा खर्च पहिल्या महिन्यातच करा.

पंक्चर सारखं होतं. उपाय?

बाभूळ आणि सराटे. नाशिकच्या कुठल्याही मोकळ्या माळावर हे दोन असणारच. बांधाच्या कडेला शेतकरी कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या टाकतो, त्या वाटेवर येतात. ट्यूबमध्ये जेल भरून घ्या, बारीक काट्यांची भोकं ते आपोआप बुजवतं. काटा दिसला तरी जेल भरलेल्या टायरमधून तो वाटेत उपटू नका, घरी येऊन काढा. जास्तीची एक ट्यूब, दोन टायर लिव्हर (रिमवरून टायर काढायच्या पट्ट्या) आणि छोटा पंप पिशवीत हवाच. ट्यूब घेताना व्हॉल्व्ह पाहा: मोटरसायकलसारखा जाड की बारीक स्क्रूचा. तुमच्या पंपाला आणि रिमच्या भोकाला जो बसतो तोच घ्या. ट्यूब बदलायची एकदा घरी सावलीत बसून सराव करा. बदलण्याआधी टायरच्या आतून बोटं सावकाश फिरवा. जुना काटा तिथेच राहिला तर नवी ट्यूबही जाते.

उतारावर भीती वाटते. काय करू?

भीती वाटते कारण आपण सीटवर बसून, हात ताठ करून, पुढच्या चाकाकडे बघत उतरतो. हे तिन्ही बदला.

उतार सुरू होण्याआधी सीट दोन-तीन इंच खाली करा. दोन्ही पेडल एका पातळीत आणा, एक पाय पुढे, एक मागे, आणि सीटवरून थोडे उठा. आता वजन पायांवर आहे. कोपरं आणि गुडघे सैल ठेवा, सायकलला तुमच्याखाली हलू द्या. नजर चाकासमोरच्या दगडावर ठेवलीत तर चाक त्याच दगडावर जातं. नजर तीन-चार सायकलींच्या लांबीएवढी पुढे, जिथे जायचंय तिथे ठेवा. हे ऐकायला सोपं आहे, अंगात यायला वेळ लागतो, म्हणून सपाट मैदानावर उभं राहून चालवायचा सराव आधी करा.

ब्रेकबद्दल एक समज काढून टाकला पाहिजे. "पुढचा ब्रेक दाबला की माणूस पुढे उडतो" असं लहानपणी सगळ्यांना सांगितलेलं असतं. थांबवण्याची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये आहे. तो झटक्यात आवळला तर धोका. दोन्ही ब्रेक एकेका बोटानं हळूहळू दाबा आणि वजन किंचित मागे न्या. वळणावर मात्र ब्रेक नको. वेग वळणाआधी कमी करा आणि वळताना सोडा. आपल्याकडे कडक मुरुमावर बारीक सुटी खडी असते, म्हणजे फरशीवर ज्वारी सांडलेली. त्यावर वळता वळता पुढचा ब्रेक दाबलात की चाक सरकलंच.

आणि उतरून ढकलत नेण्यात काहीही कमीपणा नाही. अवघड जागा आधी पायी बघून येणं ही चांगल्या चालवणाऱ्याची सवय आहे.

चढावर दम लागतो, चेनही पडते.

गिअर चढ लागण्याआधी हलका करा. जोर लावलेला असताना गिअर बदलला की चेन कडकड करते आणि पडते. बसून राहा, सीटच्या पुढच्या टोकाकडे सरका, छाती खाली घ्या. उभं राहून जोर लावलात तर मागचं चाक मातीत नुसतं फिरतं.

कोणत्या महिन्यात सुरुवात करावी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जमीन बसलेली असते, हवा थंड असते, धरणात पाणी असतं, काठावर पक्षी असतात. मार्चपासून सकाळी नऊच्या आत घरी परत या, मेमध्ये पारा चाळिशीला जातो.

पावसाळ्याबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. मखमलाबाद, गिरणारे या पट्ट्यात जिथे काळी माती आहे, तिथे ओल्यात जाऊच नका. ती माती टायर आणि फोर्कमध्ये (चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यांत) भरते आणि चाक फिरायचं थांबतं. सायकल खांद्यावर घेऊन परत यावं लागतं, हे तुमचं नुकसान. शेतकऱ्याचं नुकसान वेगळं: ओल्या वाटेवर चाकानं पाडलेले चर वाळून दगडासारखे होतात आणि मग वर्षभर त्याच वाटेनं डोक्यावर चारा घेऊन जाणाऱ्या बाईचा पाय मुरगळतो. पावसाळ्यात मुरमाड, निचऱ्याच्या वाटा धरा, नाहीतर सरळ डांबरावर चालवा. बोटानं दाबून माती चिकटली तर तो दिवस मातीचा नाही.

द्राक्षबागांमधल्या वाटांवर कुणी अडवलं तर?

अडवण्याचा त्यांना हक्क आहे. बांधावरची वाट दिसली म्हणून ती सगळ्यांची होत नाही. थांबा, सायकलवरून उतरा, "राम राम दादा, इकडून वाट आहे का?" एवढं विचारा. बहुतेक वेळा वाट तर मिळतेच, वर "पाणी घ्या" असंही म्हणतात.

बागेची कामं माहीत असली तर बरं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वाटेवर काड्यांचे ढीग असतात आणि त्या स्पोकमध्ये अडकतात. ब्लोअरचा ट्रॅक्टर फवारणी करत असेल तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबा आणि फवारा संपल्यावर जा. औषध डोळ्यांत, नाकात जाणं चांगलं नाही. जानेवारीनंतर काढणी सुरू झाली की अरुंद रस्त्यांवर क्रेट भरलेल्या पिकअपची धावपळ असते, त्यांना वाट द्या. आणि घड लोंबतायत म्हणून तोडू नका. एका माणसाचा एक घड, पण मागून येणारे कितीतरी असतात.

कुत्री? आणि बिबट्या?

मळ्यातली कुत्री सायकलीच्या वेगावर धावून येतात. जोरात पळवून सुटका करायचा प्रयत्न करू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, शांतपणे चालत पुढे जा. मळ्याची हद्द संपली की ती बहुधा परत फिरतात.

बिबट्याची गोष्ट गंभीरपणे घ्या. गोदाकाठ, दारणाकाठ आणि उसाचा पट्टा हा त्याचाही वावर आहे, गंगापूर रोडच्या वस्त्यांपर्यंत तो दिसलेला आहे. उजाडल्याशिवाय निघू नका, सूर्यास्ताआधी परत या. एकटे जाऊ नका, मुलांना मध्ये ठेवा. उसाच्या कडेला वाकून किंवा बसून पंक्चर काढत राहू नका, मोकळ्या जागी या. कानात इयरफोन तर नकोच. गावकऱ्यांनी "दोन दिवसांपूर्वी दिसला" असं सांगितलं तर तिथूनच मागे फिरा. बिबट्या किंवा जखमी प्राणी दिसला तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

हेल्मेट खरंच लागतं का, एवढ्या कमी वेगाला?

हो. आतल्या बाजूला ईएन १०७८ (युरोपचं सुरक्षा मानक) किंवा सीपीएससी (अमेरिकेचं) असा शिक्का आहे का ते पाहा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका, आतला थेर्मोकोल दबलेला असतो. सोबत पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या. पडताना तळहात पहिले टेकतात.

बायकांसाठी, वयस्करांसाठी वेगळं काही?

ओढणी, सैल सलवार, साडीचा पदर चेनमध्ये जातो, त्यामुळे ट्रॅक पँट किंवा पँटला क्लिप. सीट टोचत असेल तर "सवय होईल" म्हणून सहन करू नका. कंपनीची सीट बहुधा अरुंद असते, रुंद सीट बदलून मिळते. साठीनंतर सुरू करणाऱ्यांनी डॉक्टरांशी एकदा बोलावं आणि सीट थोडी खाली ठेवावी, म्हणजे पाय लगेच टेकतो. कालव्याकाठी हे लोक तरुणांपेक्षा छान चालवतात, कारण त्यांना घाई नसते.

खाणं-पिणं?

तासाभराला निदान अर्धा लिटर पाणी, उन्हाळ्यात दुप्पट. दीड तासाच्या वर जाणार असाल तर चिक्की किंवा केळं आणि मीठ-साखर-लिंबू. मिसळ परतताना. तर्री पोटात घेऊन चढ चढू नये, हे गंगापूर रोडच्या मिसळीवर जिवापाड प्रेम असूनही सांगते.

पडलो तर?

आधी तसेच बसून राहा. डोकं आपटलं असेल, मळमळत असेल, काही आठवत नसेल तर राइड तिथेच संपली, एकट्यानं परत चालवत येऊ नका. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर मदतीसाठी ११२. बॅकवॉटरच्या काही खोलगट भागांत मोबाइलला रेंज मिळत नाही, म्हणून निघतानाच घरी कोणत्या वाटेनं जाताय आणि कधी परत येताय ते सांगून ठेवा. खरचटलेल्या जागी माती राहते. ती भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा.

परत आल्यावर सायकल कशी धुवायची?

गाडी धुण्याच्या सेंटरवर प्रेशरचा फवारा मारून घेऊ नका. पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि ग्रीस निघून जातं. चिखल वाळू द्या, ब्रशनं झाडा, ओल्या फडक्यानं पुसा. चेन कोरड्या कापडात धरून उलटी फिरवा, प्रत्येक कडीवर सायकलच्या तेलाचा एकेक थेंब टाका, पाच मिनिटांनी वरचं जादा तेल पुसून काढा. तेल डिस्कला लागू देऊ नका, ब्रेक धरणार नाही. खोबरेल किंवा इंजिनाचं जुनं तेल चेनला नको, आपल्याकडची धूळ त्याला लगेच चिकटते.